परदेशी पैसे पाठवताना खरा खर्च दरात

परदेशातील विद्यापीठात प्रवेश मिळाला, शैक्षणिक कर्ज मंजूर झाले, की पालकांचे लक्ष जाते ते बँकेच्या कमिशनकडे. पाचशे रुपयांचे कमिशन माफ व्हावे म्हणून शाखेत घासाघीस होते. पण डॉलर कोणत्या दराने विकत घेतला, हे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक मोठी रक्कम जाते ती तेथेच.

बँका आपसात ज्या भावाने डॉलरची खरेदी-विक्री करतात, तो आंतरबँक दर. वर्तमानपत्रात किंवा इंटरनेटवर दिसणारा आकडा बहुधा याच्या आसपासचा असतो. ग्राहकाला डॉलर विकताना बँक त्यावर आपला नफा चढवते. शिवाय बँकेच्या दरपत्रकात विक्रीचे दर एकाहून अधिक असतात. नोटांचा दर सर्वसाधारणपणे चढा, तर खात्यातून परदेशी खात्यात रक्कम पाठवण्याचा, म्हणजे ‘टीटी सेलिंग’ दर त्याहून कमी. शुल्क भरताना पाहायचा तो हा दुसरा.

समजा, आंतरबँक दर ९० रुपये आहे आणि बँक ९१ रुपये ३५ पैसे सांगते. फरक अवघा दीड टक्का. पण २० हजार डॉलर पाठवताना तो २७ हजार रुपयांचा होतो. ‘शून्य कमिशन’च्या जाहिराती परवडतात त्या अशा फरकावरच.

दरपत्रकातील ‘कार्ड रेट’ हा मुख्यतः लहान रकमांसाठी असतो. मोठ्या रकमेसाठी शाखा आपल्या ट्रेझरी विभागाकडून खास दर मागवू शकते. मात्र ग्राहकाने तो मागावा लागतो. त्यासाठी आंतरबँक बाजार सुरू असतानाची वेळ गाठावी. दोन-तीन बँकांकडे साधारण एकाच वेळी चौकशी करावी आणि प्रश्न एकच विचारावा : खात्यातून एकूण किती रुपये वजा होणार आणि समोर नेमके किती डॉलर पोहोचणार?

यापेक्षा पारदर्शक सोयही उपलब्ध आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एफएक्स-रिटेल’ हा मंच सुरू केला. बँकेमार्फत नोंदणी केलेल्या ग्राहकाला तेथे आंतरबँक दराच्या जवळपास डॉलर घेता येतो; बँक त्यावर आपले आकारणी शुल्क घेते आणि ते आधीच ठरलेले असते. बँकेच्या नफ्याला कात्री लावणारी ही सोय असल्याने काउंटरवर कोणी आपणहून तिची माहिती देईल, अशी अपेक्षा धरू नये.

रक्कम ‘स्विफ्ट’ने जाताना मधल्या बँका आपले शुल्क कापून घेऊ शकतात. विद्यापीठाकडे थोडेसे डॉलर कमी पोहोचले तरी शुल्क अपुरे ठरू शकते. सर्व खर्च पाठवणाऱ्याकडून घेण्याचा पर्याय अर्जात असतो. शुल्क भरताना तोच निवडणे बरे. शुल्क पौंडात वा युरोत असेल तर डॉलर पाठवू नयेत, कारण समोरची बँक ते पुन्हा आपल्या दराने बदलते.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. पॅन आवश्यक आहे. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत मुळाशी कर गोळा केला जात नाही. त्यापुढील दर कारणानुसार बदलतो. प्राप्तिकर कायद्यात नमूद केलेल्या वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम गेल्यास हा कर लागत नाही. कापला गेलाच, तर विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. पैसा बुडत नाही, पण काही महिने अडकतो.

चलनबदलावरील जीएसटी मात्र परत मिळत नाही. १० लाख रुपये एकदम बदलले तर तो ९९० रुपये होतो, एकेक लाखाचे दहा व्यवहार केले तर १८०० रुपये. म्हणून फार तुकडे करू नयेत. तरीही सगळे शुल्क अखेरच्या दिवसावर सोडणे धोक्याचे. २०१३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला ५४ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ रुपयांच्या पुढे गेला होता, आणि ऑगस्ट हाच अनेक अमेरिकी विद्यापीठांचे सत्र सुरू होण्याचा महिना. दोन-तीन हप्त्यांत डॉलर घेतल्यास जीएसटीचे थोडे पैसे जास्त जातील, पण अशा उसळीचा पूर्ण फटका एकदम बसणार नाही.