हुंडेकरी ते ट्रान्सपोर्टवाला : मधला माणूस नेमका कशाचे पैसे घेतो?

मालवाहतुकीच्या इतिहासावर काम सुरू केलंत की एक प्रश्न लवकरच समोर येतो. माल पाठवणारा व्यापारी एक रक्कम देतो, ट्रकमालकाच्या हातात दुसरीच पडते. मधली रक्कम कोणाची आणि कशाबद्दल? ट्रकवाल्यांना विचारलंत तर उत्तर तयार असतं : दलाल खातो. ट्रान्सपोर्ट ऑफिसात विचारलंत तर ऐकू येतं : जोखीम आमची, उधारी आमची, मग पैसे आमचेच. संशोधक म्हणून तुम्ही घाईने कोणाचीही बाजू घेऊ नका. आधी शब्दाकडे बघा.

हुंडा म्हणजे ठोक बोली

मराठीत एक जुना शब्द आहे, हुंडेकरी. मोल्सवर्थच्या कोशातही तो सापडतो. आगगाडी येण्यापूर्वी माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर जायचा आणि वाटेत जागोजागी जकात भरावी लागायची. प्रत्येक नाक्यावर हिशेब करत बसणं व्यापाऱ्याला परवडत नसे. मग हुंडेकरी एकच ठोक रक्कम सांगायचा. भाडं, जकात, वाटखर्च सगळं त्यात. याला हुंडा-भाडं म्हणत. वाटेत खर्च वाढला तर तोटा हुंडेकऱ्याचा, कमी झाला तर फायदाही त्याचाच.

इथे एक फरक पक्का करून ठेवा. दलाल दोन माणसांची गाठ घालून देतो आणि ठरलेली दलाली घेतो. दर दोघांनाही माहीत असतो. हुंडेकरी मात्र एका दराने काम घेतो, दुसऱ्या दराने करून घेतो आणि मधला फरक ठेवतो. पहिली कमाई दलालीची, दुसरी जोखमीची. दोन्हींना सरसकट ‘कमिशन’ म्हटलं की पुढचा सगळा युक्तिवाद घसरतो.

कायदा कोणाकडे बघत होता?

इंग्रजी अमदानीत अंतर्गत जकाती उठल्या, 1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. हुंडेकऱ्याच्या कामाचा मोठा भाग त्यामुळे बदलला, पण ठोक बोलीची पद्धत राहिली. 1865 च्या कॅरिअर्स ॲक्टने लोकांचा माल वाहणाऱ्याची जबाबदारी ठरवली. माल हरवला, खराब झाला तर भरपाई कोणी द्यायची, हा त्याचा प्रश्न. गाडीवाल्याला किती मिळावं, हा नव्हे.

1939 च्या मोटार वाहन कायद्यामागे रेल्वे आणि रस्त्याच्या स्पर्धेची मोठी पार्श्वभूमी होती. त्याने परमिटची चौकट घातली आणि मालभाड्याच्या कमाल-किमान मर्यादेबाबत निर्देश देण्याचा अधिकार सरकारला दिला. 1988 च्या कायद्यात तो कलम 67 मध्ये आहे, तर कलम 93 नुसार मालाची बुकिंग-वितरण करणाऱ्या एजंटला परवाना लागतो. पुढे 2007 च्या कॅरेज बाय रोड ॲक्टने ‘कॉमन कॅरिअर’च्या व्याख्येत बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट आणि ब्रोकर यांनाही बसवलं. तो 2011 मध्ये लागू झाला. म्हणजे हुंडेकऱ्याची जुनी जबाबदारी मधल्या माणसावर कायद्याने परत आली. पण ट्रकमालकाचा वाटा किती, हे तोही ठरवत नाही.

दोन कागद, दोन दर

आता प्रत्यक्ष व्यवहार बघू. समजा, कळंबोलीहून नागपूरला लोखंड जायचंय. व्यापाऱ्याने ट्रान्सपोर्टला 50,000 रुपये कबूल केले. ट्रान्सपोर्टकडे स्वतःची गाडी मोकळी नाही, म्हणून त्याने बाजारातून 44,000 ला गाडी लावली. बिल्टीचा व्यवहार व्यापाऱ्याशी, लॉरी हायर चलनाचा ट्रकमालकाशी. दोन्ही आकडे फक्त ट्रान्सपोर्टवाल्याला दिसतात.

हे 6,000 योग्य की अयोग्य? त्यासाठी पुढचे प्रश्न विचारा. व्यापारी दोन महिन्यांनी पैसे देणार असेल आणि ट्रकला निघतानाच ॲडव्हान्स दिला असेल, तर मधल्या काळाचं भांडवल कोणाचं? माल फुटला तर कोण भरणार? गाडी खाली व्हायला तीन दिवस लागले तर हॉल्टिंग कोण देणार? पोच पोहोचल्यावर बाकीतून काय काय कापलं जातं? हमाली, वाराई कोणाच्या माथी? ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही मागणी महाराष्ट्रातले वाहतूकदार करतात, ती याच शेवटच्या प्रश्नातून आली.

उधारी आणि जोखीम मधला माणूस उचलत असेल तर तो हुंडेकरी आहे आणि फरक ही त्याची मजुरी आहे. पण ट्रकमालकाचीच बाकी अडकवून, हॉल्टिंगही त्याच्यावर ढकलून तो फरक घेत असेल, तर काम दलालाचं आणि कमाई हुंडेकऱ्याची, असा प्रकार होतो. तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं, टक्क्यात नाही.

परतीच्या भाड्याचाही विचार करा. ज्या गावाहून फारसा माल निघत नाही, तिथे अडकलेला ट्रकवाला डिझेलपुरत्या भाड्यालाही तयार होतो. तो दर दलालाने पाडलेला असेलच असं नाही. पण मालकाची घाई दलालाला ठाऊक असते आणि ती माहिती विकली जाते.

दर उघडा केला तर?

अमेरिकेत 1935 च्या कायद्याने ब्रोकरला परवाना सक्तीचा झाला. 1980 मध्ये ट्रकिंगवरची दरबंधनं सैल झाली आणि ब्रोकरांचा धंदा वाढला. तिथल्या नियमानुसार ब्रोकरने प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवायची असते आणि ती बघण्याचा हक्क दोन्ही पक्षांना असतो. तरी करारातच हा हक्क सोडून द्यायला लावण्याची पद्धत पडली. मे 2020 मध्ये दर कोसळले तेव्हा ट्रकचालकांनी वॉशिंग्टनमध्ये आंदोलन केलं, त्यात हाच मुद्दा होता.

मधला माणूस नसला म्हणजे भांडण संपतं का? हिमाचलमध्ये सिमेंटची वाहतूक ट्रक युनियनांच्या हाती आहे. डिसेंबर 2022 मध्ये भाड्याच्या वादातून बरमाणा आणि दारलाघाटचे कारखाने बंद झाले, ते 67 दिवसांनी उघडले. दर टन-किलोमीटरला मोठ्या गाड्यांसाठी 9.30 आणि लहान गाड्यांसाठी 10.30 रुपये असा तोडगा निघाला. दर तिथे सगळ्यांना माहीत होता, तरी ‘योग्य’ किती यावर दोन महिने एकमत झालं नाही.

तुम्ही काय कराल?

या विषयावर संशोधन आराखडा लिहिणार असाल तर ‘दलाल शोषण करतात का’ असा प्रश्न घेऊ नका. त्याचं उत्तर तुम्ही आधीच ठरवलेलं असतं. त्याऐवजी एकाच फेरीची बिल्टी आणि लॉरी हायर चलन, दोन्ही मिळवायचा प्रयत्न करा. ट्रकमालकाच्या वहीत तुम्हाला एकच दर मिळेल, व्यापाऱ्याच्या वहीतही एकच. पैसे कोणत्या तारखेला हातात पडले, हेही उतरवून घ्या, कारण उशिराचं व्याज भाड्याच्या आकड्यात दिसत नाही. नावं मात्र गुप्त ठेवा. ज्या ट्रकमालकाने तुम्हाला वही दाखवली, त्याला उद्या त्याच ऑफिसातून भाडं घ्यायचं असतं.