दवबिंदू वनस्पतींचे गृहसंवर्धन

दवबिंदू : ड्रॉसेरेसी कुलातील ड्रॉसेरा या प्रजातीच्या कीटकभक्षी वनस्पती. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत त्यांच्या दोनशेहून अधिक जाती आढळतात. पाणथळ, आम्लधर्मी आणि नायट्रोजन व फॉस्फरस अत्यल्प असलेल्या जमिनीत त्या वाढतात. शोभेसाठी व निरीक्षणासाठी त्या घरात लावण्याचा छंद जगभर रुजला आहे. नेहमीच्या बागकामात मायेने दिली जाणारी खतमाती या झाडाला मारक ठरते. शुद्ध पाणी, भरपूर उजेड आणि निकस माध्यम या तीन गोष्टी सांभाळल्या, तर खिडकीच्या कट्ट्यावरही ते वर्षानुवर्षे टिकते.

पान व भक्ष्यग्रहण : पानावरील प्रत्येक केसाच्या टोकाशी बहुधा लालसर ग्रंथी असते व तिच्यावर चिकट स्रावाचा पारदर्शक थेंब असतो. त्याला चिकटलेले चिलट सुटण्यासाठी धडपडले की शेजारचे केस त्याच्याकडे वाकतात. ड्रॉसेरा कॅपेन्सिस या जातीत काही तासांत अख्खे पानच भक्ष्याभोवती गुंडाळले जाते. पाचकरसांनी कीटकाचा मऊ भाग विरघळतो, पान ते द्रव्य शोषून घेते आणि शेवटी पोकळ टरफल उरते. ऊर्जेसाठी ही वनस्पती इतर हिरव्या झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशावरच अवलंबून असते. कीटकांतून तिला मिळतात ती जमिनीत नसलेली पोषकद्रव्ये.

चार्ल्स डार्विन यांनी 1860 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात ड्रॉसेरा रोटुंडिफोलियाच्या पानांवर अडकलेले कीटक पाहिले आणि प्रयोगांना सुरुवात केली. त्यांचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ 1875 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1877 मध्ये पानांना मांसाचे कण भरवलेली आणि न भरवलेली झाडे शेजारी वाढवली. भरवलेल्या झाडांना कितीतरी अधिक बी धरले.

जातींची निवड : नवशिक्याने दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील ड्रॉसेरा कॅपेन्सिसपासून सुरुवात करावी. तिची पाने पट्टीसारखी लांब असतात, तिला विश्रांतीचा काळ लागत नाही आणि लहानसहान चुका ती सोसते. ड्रॉसेरा अलिसिए व ड्रॉसेरा स्पॅट्युलाटा जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि छोट्या कुंडीत मावतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या वर्षावनातील ड्रॉसेरा अडेले हिला तुलनेने मंद उजेड चालतो. ड्रॉसेरा रोटुंडिफोलियासारख्या थंड प्रदेशातील जातींना हिवाळी विश्रांती आवश्यक असल्याने आपल्याकडच्या उष्ण शहरांत त्या जोपासणे अवघड जाते.

महाराष्ट्रात कास पठारावर ड्रॉसेरा इंडिका व ड्रॉसेरा बर्मानाय या जाती पावसाळ्यात दिसतात. दोन्ही वर्षायू असून कोरडा काळ बियांच्या रूपाने काढतात. बर्मानायचे कडेचे केस काही सेकंदांत आत वळतात. ही हालचाल नुसत्या डोळ्यांना दिसते.

माध्यम व कुंडी : पीट आणि पर्लाइट समप्रमाणात मिसळलेले किंवा नुसते स्फॅग्नम मॉस हे माध्यम उत्तम. शेणखत, गांडूळखत, बागेची माती आणि समुद्राची वाळू वर्ज्य. कोकोपीटमध्ये क्षार राहिलेले असतात. तेच वापरायचे असेल तर शुद्ध पाण्यात अनेकदा भिजवून, पिळून घ्यावे लागते. मातीच्या कुंडीत क्षार साठतात, म्हणून तळाला भोके असलेली सुमारे 10 सेंमी. खोल प्लास्टिकची कुंडी घ्यावी. एकदोन वर्षांनी माध्यम बदलावे.

पाणी : पावसाचे पाणी, डिस्टिल्ड वॉटर किंवा आरओ यंत्राचे पाणी द्यावे. त्यात विरघळलेले क्षार लिटरला 50 मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे चांगले. घरगुती आरओ यंत्रांत चवीसाठी काही क्षार पुन्हा मिसळण्याची सोय असते, त्यामुळे टीडीएस मीटरने एकदा मोजून पाहावे. कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत 1 ते 2 सेंमी. पाणी राखले की माध्यम खालून ओले राहते. मात्र साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. आठवड्यातून किमान एकदा ताटली रिकामी करून, घासून पुन्हा भरावी. पावसाळ्यात स्वच्छ पिंप भरून घेतले, तर उन्हाळ्याची बेगमी होते.

प्रकाश व हवामान : पूर्वेच्या खिडकीतील सकाळचे ऊन बहुतेक सोप्या जातींना मानवते. ऊन येत नसेल तर पांढऱ्या एलईडी दिव्याखाली रोज 12 ते 14 तास ठेवावे. उजेड पुरेसा आहे की नाही हे पानच सांगते. केस लाल आणि थेंब टपोरे असतील तर उजेड पुरेसा आहे. पाने फिकट, लांबुडकी आणि कोरडी दिसू लागली तर तो वाढवावा. थेंब यावेत म्हणून झाड काचेच्या बंद पेटीत कोंडण्याची गरज नसते. कोंदट हवेत बुरशी धरते. कॅपेन्सिसला 10 ते 30 अंश से. तापमान मानवते. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाने काच तापते, तेव्हा कुंडी मागे सरकवावी. नवे रोप प्रवासाने थेंब गमावते. सहसा एकदोन आठवड्यांत ते सावरते.

खाद्य : घरात कीटक सापडत नसल्यास दोनतीन आठवड्यांतून एकदा पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारे चिलट किंवा माशांच्या कोरड्या खाद्याची ओलसर चिमूट एखाद्या पानावर ठेवावी. मोठा तुकडा पचत नाही. तो कुजतो आणि पान काळे पडते. मुळाशी खत घालू नये.

अभिवृद्धी : (1) बियांपासून : कॅपेन्सिसच्या दांड्यावरील गुलाबी फुले खालून वर क्रमाने उमलतात. प्रत्येक फूल उन्हात काही तास उघडते आणि मिटताना स्वपरागण होते. बोंडे तपकिरी होऊन सुकली की दांडा कागदावर झटकावा. काळे, धुळीसारखे बारीक बी पडते. ते ओल्या माध्यमावर नुसते भुरभुरावे, वर माती टाकू नये, कारण रुजण्यासाठी त्याला उजेड लागतो. साधारण तीन ते सहा आठवड्यांत अंकुर दिसतात. थंड प्रदेशातील जातींच्या बियांना रुजण्यापूर्वी काही आठवडे ओलसर गारवा द्यावा लागतो. (2) पानापासून : निरोगी, पूर्ण वाढलेले पान बुडापासून तोडून ओल्या मॉसवर पसरावे किंवा झाकणाच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटरवर तरंगत ठेवावे. दिव्याखाली ठेवल्यास काही आठवड्यांत पानाच्या पृष्ठभागावर हिरवे ठिपके उठतात आणि त्यांतून मोहरीएवढी रोपे आकार घेतात. त्यांच्या इवल्या पानांवरही थेंब असतात. मुळे फुटली की ती अलगद कुंडीत लावावीत. (3) मुळांपासून : कॅपेन्सिस, अडेले व ड्रॉसेरा बिनाटा यांच्या जाड मुळांचे 2 ते 3 सेंमी. तुकडे माध्यमाच्या पातळ थराखाली आडवे ठेवले की त्यांतून नवे कोंब येतात. वर्षायू जाती मात्र बियांपासूनच वाढवाव्यात. व्यापारी उत्पादनासाठी ऊतिसंवर्धनाचा वापर होतो.

रोग व कीड : मावा कोवळ्या पानांचा रस शोषतो व पाने वेडीवाकडी येतात. अशा वेळी अख्खी कुंडी एकदोन दिवस शुद्ध पाण्यात बुडवून ठेवल्यास मावा मरतो; झाडाचे थेंब काही दिवसांत परत येतात. पिठ्या ढेकूण दिसताच काढून टाकावेत. करडी बुरशी कुजक्या पानांवर वाढते, म्हणून वाळलेली पाने व फुले वेळेवर कापावीत.

संवर्धनाची जबाबदारी : कास पठाराचा समावेश 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटात झाला. जांभ्यावरील तिथल्या पातळ मातीत वाढलेले वर्षायू रोप बी पडण्याआधी उपटले, तर पुढच्या पावसाळ्यातली त्याची पिढी तिथेच खुंटते. उपटलेले रोपही घरी बहुधा जगत नाही. घरातील परदेशी जातींचे बी पाणथळ जागी टाकणेही तितकेच घातक, कारण त्या स्थानिक वनस्पतींची जागा बळकावू शकतात. एका कॅपेन्सिसचे बी शेकडो रोपे देते. म्हणून दवबिंदू हवा असेल त्याने संवर्धित रोप किंवा छंदी माणसाकडचे बी घ्यावे, स्वतःचे बी इतरांना द्यावे आणि पठारावरचा दवबिंदू पठारावरच राहू द्यावा.