मनगटातून हृदयोपचार: रक्त थांबवायचे, प्रवाह नव्हे

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन गावांत होणाऱ्या गोटमारीमुळे सावरगावचे नाव दूरवर पोहोचले आहे. नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी दोन्ही बाजूंनी दगड चालतात, शेकडो माणसे जखमी होतात. वाहते रक्त जखमेवर दाब देऊन थांबवायचे असते, हे तिथे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. मात्र याच गावातला एखादा शेतकरी छातीत कळ येऊन नागपूरला जातो आणि मनगटातून अँजिओप्लास्टी करून परततो, तेव्हा त्याच्या मनगटावरील इवल्याशा छिद्राचे गणित निराळे असते. तिथे दाब कमी पडला तर रक्त वाहते. जास्त पडला तर धमनीच बंद होऊ शकते.

सावरगाव, पांढुर्णा आणि सौंसर हा मराठी बोलणारा पट्टा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा छिंदवाड्यातून वेगळा काढलेला स्वतंत्र जिल्हा झाला. शासनाची कचेरी जवळ आली, तरी हृदयाच्या मोठ्या उपचारांसाठी इथल्या माणसाचा रस्ता आजही बहुधा नागपूरकडेच जातो. संत्री ज्या रस्त्याने जातात तोच हा रस्ता, सुमारे शंभर किलोमीटरचा.

रक्तस्रावाच्या प्रश्नात हे अंतर महत्त्वाचे ठरते. हृदयाची धमनी अचानक पूर्ण बंद पडल्यावर ती तातडीने अँजिओप्लास्टीने उघडणे उत्तम. पण उपचारकेंद्र लांब असेल, तर वाटेतल्याच रुग्णालयात रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन देऊन रुग्णाला पुढे पाठवतात आणि इंजेक्शन लागू पडले असेल, तर पुढच्या तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करतात. गोव्यातील वाचकाला ही पद्धत ‘स्टेमी गोवा’ प्रकल्पामुळे परिचित आहे: दूरच्या आरोग्य केंद्रातून ईसीजी पाठवायचा, तज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा, इंजेक्शन तिथेच द्यायचे आणि रुग्णाला बांबोळीच्या गोमेकॉत हलवायचे. या मार्गाने आलेल्या रुग्णाच्या रक्तात गाठ विरघळवणारे औषध असते, त्यावर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि हेपॅरिन यांची भर पडलेली असते. हृदयातली गुठळी विरघळावी म्हणून दिलेले औषध मनगटावरचे छिद्र ओळखत नाही. त्या छिद्रावर धरू पाहणारी गुठळीही ते धरू देत नाही.

जांघेकडून मनगटाकडे

१९७७ साली झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली, ती जांघेतील धमनीतून. पुढे कित्येक वर्षे हाच राजमार्ग होता. जांघेतील धमनी मोठी असल्याने नळी घालणे सोपे, पण ती खोल असते आणि मांसल भागात दडलेली असते. तिथून निसटलेले रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत साचू शकते. बाहेर थेंबही दिसत नाही आणि रुग्णाचा रक्तदाब मात्र घसरत जातो. म्हणूनच रुग्णाला कित्येक तास पाय सरळ ठेवून, जांघेवर वाळूची पिशवी घेऊन उताणे पडून राहावे लागे.

माँट्रियलचे ल्युसियाँ काम्पो यांनी १९८९ मध्ये शंभर रुग्णांवर मनगटातील रेडियल धमनीतून केलेल्या अँजिओग्राफीचा अनुभव प्रसिद्ध केला. १९९० च्या दशकाच्या आरंभी अॅमस्टरडॅमचे फर्डिनांड किमेनेय यांनी याच वाटेने अँजिओप्लास्टी आणि स्टेंट बसवणे सुरू केले. भारतात ही पद्धत रुजवण्यात आणि इतरांना शिकवण्यात अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल यांचा वाटा मोठा आहे.

रेडियल धमनी म्हणजे वैद्य तीन बोटे ठेवून नाडी पाहतात तीच. ती त्वचेच्या लगेच खाली असते आणि तिच्या मागे हाड असते, त्यामुळे बोटाने दाबली की ती हाडावर चेपली जाते. शिवाय तळहाताला रक्त देणारी दुसरी, अल्नर नावाची धमनी करंगळीच्या बाजूने येते आणि तळहातात या दोघींची कमान जुळते. एकीचा प्रवाह काही काळ अडला तरी बहुतेकांच्या हाताला त्रास होत नाही.

या फरकाचा परिणाम आकड्यांत दिसला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रायव्हल’ या चाचणीत ७,०२१ रुग्ण होते. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव यांचा एकत्रित विचार करता दोन्ही मार्गांत लक्षणीय फरक आढळला नाही; पण नळी घातलेल्या जागी मोठ्या प्रमाणात रक्त साकळण्याचे प्रकार मनगटाच्या गटात ४२ आणि जांघेच्या गटात १०६ होते. २०१५ च्या ‘मॅट्रिक्स’ चाचणीत ८,४०४ रुग्णांपैकी मनगटाच्या गटात मृत्यूचे प्रमाण १.६ टक्के, तर जांघेच्या गटात २.२ टक्के आढळले. आज बहुतेक मार्गदर्शक सूचनांत मनगटाला पहिली पसंती आहे.

दाबाचे गणित

उपचार संपल्यावर धमनीत घातलेली आवरणनळी, म्हणजे शीथ, तिथल्या तिथेच काढतात. सहा फ्रेंच मापाच्या शीथचा बाहेरचा व्यास सुमारे अडीच मिलिमीटर असतो. अनेकांची, विशेषतः लहान चणीच्या स्त्रियांची, धमनी जेमतेम तेवढीच किंवा त्याहून अरुंद असते. म्हणजे धमनीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीची वस्तू तिच्यातून काढली जाते आणि मागे राहिलेल्या छिद्रावर दाब द्यायचा असतो.

हा दाब देण्यासाठी मनगटावर पारदर्शक पट्टा बांधतात. त्यात एक छोटा फुगा असतो आणि पिचकारीने त्यात हवा भरतात. प्रचलित पट्ट्यांत साधारण १३ ते १८ मिलिलिटर हवा मावते. पट्टा पारदर्शक असण्याचे कारण साधे आहे: खाली रक्त झिरपते आहे की नाही, हे तो न सोडता दिसावे. पट्टा उपलब्ध नसेल किंवा परवडत नसेल, तिथे गॉजची घडी ठेवून त्यावर ताणणारी चिकटपट्टी आवळतात. तेही चालते, पण घडीखालचे दिसत नाही आणि दाब थोडाथोडा कमी करता येत नाही. एक बारकावा दोन्हीकडे सारखाच: सुई तिरपी शिरलेली असते, म्हणून धमनीचे छिद्र त्वचेवरच्या छिद्राच्या किंचित वर, कोपराच्या दिशेला असते. दाब तिथे पडला पाहिजे. केवळ त्वचेवरचे छिद्र दाबले, तर वरून सगळे कोरडे दिसते आणि आत रक्त साचत राहते.

पूर्वी पट्टा करकचून आवळला की काम झाले, असे मानले जाई. रक्त थांबे खरे, पण धमनीतला प्रवाहही थांबे. तासन्‌तास रिकाम्या, चेपलेल्या धमनीत गुठळी धरली की ती बंद होते. रुग्णाला बहुधा काही कळत नाही, कारण दुसरी धमनी हात सांभाळून घेते. याच कारणामुळे या गुंतागुंतीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. नुकसान पुढे कळते. त्याच हाताने पुन्हा अँजिओग्राफी करता येत नाही, बायपासच्या वेळी ती धमनी कलम म्हणून वापरता येत नाही आणि मूत्रपिंडे निकामी झाली, तर डायलिसिसच्या जोडणीसाठीही ती उरत नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या रुग्णाने हे डॉक्टरांना आधीच सांगावे ते यासाठीच.

यावर उपाय निघाला तो प्रवाह चालू ठेवून रक्त थांबवण्याचा. भारतीय वंशाचे अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. समीर पंचोली यांच्या २००८ मधील ‘प्रॉफेट’ अभ्यासात ४३६ रुग्ण होते. पद्धत अशी: अंगठ्याला किंवा तर्जनीला ऑक्सिमीटर लावायचा, करंगळीकडची अल्नर धमनी बोटाने दाबून धरायची आणि पट्ट्यातली हवा हळूहळू सोडत जायची. ऑक्सिमीटरच्या पडद्यावर नाडीची लाट परतली आणि छिद्रातून रक्त येत नसेल, तर दाब बरोबर जमला. त्या क्षणी बोटाला पोहोचणारे रक्त रेडियल धमनीतूनच येत असते, कारण दुसरी वाट आपण अडवलेली असते. या पद्धतीने चोवीस तासांनंतर धमनी बंद आढळण्याचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर महिन्याने ७ वरून १.८ टक्क्यांवर आले. २०१६ च्या ‘प्रॉफेट-२’ मध्ये ३,००० रुग्णांवर पट्टा असताना अल्नर धमनीवरही दाब ठेवून पाहिला. त्यामुळे रेडियल धमनीतला प्रवाह वाढतो. महिन्याने बंद धमनीचे प्रमाण ३ वरून ०.९ टक्क्यांपर्यंत घटले.

या साऱ्याला महागडे यंत्र लागत नाही. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर पुरतो, फक्त त्यावर नाडीची लाट दिसायला हवी. लागतो तो परिचारिकेचा वेळ. अँजिओग्राफीनंतर साधारण दोन तासांनी, अँजिओप्लास्टीनंतर त्याहून उशिरा, दर काही मिनिटांनी दोन-तीन मिलिलिटर हवा काढत पट्टा उतरवावा लागतो. रक्त दिसलेच तर तेवढीच हवा परत भरून थांबावे लागते. रुग्णांनी भरलेल्या वॉर्डात हा वेळ काढणे हीच खरी अडचण आहे.

हेपॅरिनबाबत एक विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ते रक्त पातळ करते, म्हणून छिद्र बुजायला वेळ लागतो. तरीही साध्या अँजिओग्राफीतही ते देतात, कारण त्यावाचून धमनी बंद पडण्याचा धोका बराच वाढतो. रक्त लवकर थांबावे म्हणून हेपॅरिन टाळणे हा शहाणपणा नव्हे.

अलीकडे अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीकडील खळगीतून धमनीत शिरण्याची पद्धतही रूढ होत आहे. किमेनेय यांनीच २०१७ मध्ये तिचा अनुभव मांडला. २०२२ च्या ‘डिस्को रेडियल’ चाचणीत १,३०७ रुग्णांवर दोन्ही जागांची तुलना झाली. रक्त थांबायला खळगीत १५३ मिनिटे आणि मनगटावर १८० मिनिटे लागली. धमनी बंद पडण्याचे प्रमाण मात्र दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी होते. काळजीपूर्वक दाब दिला, तर नेहमीचे मनगटही तितकेच सुरक्षित राहते, असा याचा अर्थ.

पट्टा कोरडा, हात सुजलेला

मनगटाच्या मार्गातला सर्वांत फसवा रक्तस्राव मनगटावर होतच नाही. तार वर सरकताना हाताच्या आतल्या एखाद्या बारीक फांदीला इजा होते आणि रक्त कोपराच्या आसपास, स्नायूंच्या मध्ये साचू लागते. पट्ट्याखाली सगळे कोरडे असते. क्यूबेकमधील डॉक्टरांनी अशा साकळण्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, दुसरी दहापेक्षा लहान, तिसरी कोपराच्या खालपर्यंत पसरलेली, चौथी कोपराच्या वर गेलेली. पाचवीत आतला दाब इतका वाढतो की हाताचा रक्तपुरवठाच धोक्यात येतो.

सुरुवातीला लक्षात आले तर उपाय सोपा आहे. सुजलेल्या भागावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा गुंडाळून, वरच्या रक्तदाबापेक्षा थोडा कमी दाब काही मिनिटे ठेवायचा आणि बोटावरचा ऑक्सिमीटर पाहत राहायचे. उशीर झाला तर पुढच्या बाहूची त्वचा आणि स्नायूंवरचे वेष्टन चिरून दाब मोकळा करावा लागतो. अशी वेळ फार क्वचित येते. पण येते ती बहुधा ‘थोडा दुखतोय हात’ म्हणणाऱ्या रुग्णाला ‘दुखणारच’ असे सांगितल्यावर. हात कडक होणे, बोटे हलवताना असह्य कळ, मुंग्या, थंड किंवा पांढरी पडलेली बोटे, यांपैकी काहीही दिसले तर तिथल्या तिथे सांगितले पाहिजे. साधे काळेनिळे डाग मात्र बहुतेकांना पडतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत जातात.

घरी परतल्यावर

नागपूरहून सावरगावला किंवा बांबोळीहून काणकोणला परतताना छिद्र नुकतेच बुजलेले असते. त्या हाताने गाडीचे दार ओढणे, पिशवी उचलणे, बसमध्ये दांडा धरून उभे राहणे टाळावे. एक-दोन दिवस वाहन चालवू नये आणि काही दिवस जड काम करू नये. संत्र्यांची क्रेट उचलणे, कुऱ्हाड चालवणे, विहिरीतून पाणी ओढणे, बैलाचा कासरा धरणे हे सगळे जड कामच आहे. ‘वजन उचलू नका’ एवढे सांगून शेतकऱ्याला त्याचा अर्थ कळतोच असे नाही.

घरी रक्त आले तर बसून किंवा आडवे होऊन हात छातीच्या वर धरावा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी नेमक्या त्या जागेवर घट्ट दाब द्यावा, न सोडता दहा मिनिटे. मधूनमधून उचलून पाहिले की धरू लागलेली गुठळी निघते. चिंधीने हात आवळून बांधू नये, हळद किंवा चहापूड भरू नये. दहा मिनिटांनी रक्त थांबले नाही, किंवा सुरुवातीपासूनच चिळकांडी उडत असेल, तर दाब तसाच ठेवून १०८ ला फोन करावा. हा क्रमांक मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांत चालतो. काही दिवसांनी त्या जागी ठोके देणारी गाठ आली, तर सोनोग्राफी करून घ्यावी.

मनगटातून दोन थेंब आले म्हणून घाबरून रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या बंद करणे हे सर्वांत धोक्याचे. नव्या स्टेंटमध्ये गुठळी धरली तर झटका पुन्हा येतो आणि तो पहिल्याहून जबर असू शकतो. मनगटावरचे रक्त बोटाने थांबवता येते. गोळ्या बदलायच्या की नाही, हे मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

पुढच्या तपासणीला गेल्यावर त्या मनगटाची नाडी पाहून घ्यावी. केवळ बोटाला ठोका लागणे पुरेसे नाही, कारण तळहाताच्या कमानीतून उलट आलेले रक्तही ठोका देते. अल्नर धमनी दाबून ऑक्सिमीटरवर लाट टिकते का, हे पाहावे लागते. धमनी बंद झाल्याचे पहिल्या काही तासांतच आढळले, तर अल्नर धमनी तासभर दाबून धरल्याने ती पुष्कळदा पुन्हा उघडते. म्हणून ही तपासणी रुग्णालय सोडण्यापूर्वीही करावी आणि कोणत्या हातातून उपचार झाला व घरी जाताना धमनी चालू होती का, याची नोंद डिस्चार्ज कार्डावर मागून घ्यावी.