नोटर डेम पदवीदान वाद (२००९)

अमेरिकेतील इंडियाना राज्यात १८४२ मध्ये स्थापन झालेल्या नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाने राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना पदवीदानाच्या भाषणाचे निमंत्रण व कायद्याची मानद पदवी दिल्यावरून उठलेला वाद. ओबामा गर्भपाताच्या हक्काचे समर्थक. चर्च गर्भपाताला जीवहत्या मानते. मूलभूत नीतितत्त्वांविरुद्ध वागणाऱ्यांना कॅथलिक संस्थांनी सन्मान किंवा व्यासपीठ देऊ नये, असे अमेरिकी बिशपांनी २००४ मध्येच बजावले होते. स्थानिक बिशप जॉन डार्सी समारंभापासून दूर राहिले. हार्वर्डच्या विधिज्ञ मेरी अ‍ॅन ग्लेंडन यांनी विद्यापीठाचे प्रतिष्ठेचे लेटारे पदक नाकारले. पदक स्वीकारतानाचे आपले भाषण ओबामांच्या सन्मानाला समतोल म्हणून वापरले जाणे त्यांना मान्य नव्हते. या वादातील सर्वांत वजनदार नकार हाच. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स संवादाच्या भूमिकेवर ठाम राहिले आणि १७ मे रोजी समारंभ पार पडला. तेथे ओबामांनी मतभेद झाकले नाहीत, हे नोंदवायला हवे.

याच विद्यापीठात १९८४ मध्ये न्यूयॉर्कचे कॅथलिक गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी व्यक्तिगत श्रद्धा व सार्वजनिक कायदा यांतील अंतरावर गाजलेले व्याख्यान दिले होते. पण व्याख्यान देऊ देणे वेगळे, गौरवणे वेगळे. २०१६ मध्ये लेटारे पदक गर्भपाताच्या हक्काचे समर्थक असलेले तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष जो बायडेन व प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती जॉन बेनर यांना विभागून देण्यात आले, तेव्हाही स्थानिक बिशपांनी हरकत घेतली.