दौंडचें घड्याळ आणि ध्वनीची तार

आम्ही शिरूरकर आगगाडीला पारखे. गाडी पाहावयाची तर दौंडास जावें लागे. लहानपणीं वडिलांबरोबर मी तेथें प्रथम गेलों, तेव्हां एंजिनापेक्षां मला फलाटावरील घड्याळाचें नवल वाटलें. “येथील व मनमाडचें घड्याळ एकच वेळ कशी दाखवितात?” असें मीं विचारलें. “बाळ, मधें तार आहे,” असें वडील म्हणाले. त्या उत्तराचा पुरा अर्थ मला पन्नासांहून अधिक वर्षांनीं एका स्टुडिओंत कळला. ती हकीकत आज निवेदन करितों.

पुण्याहून दौंडावरून दिक्सळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला तो 1858 सालीं. 1878 सालीं मनमाडचा मार्ग येऊन मिळाला व दौंड जंक्शन झालें. त्या काळीं गांवोगांवची वेळ सूर्यावरून ठरे. मुंबईचें घड्याळ मद्रासच्या सुमारें अर्धा तास मागें असे. परंतु एकाच रुळावर दोन वेळा चालूं लागल्या तर अपघात ठरलेलाच. म्हणून रेल्वेनें मद्रासच्या वेधशाळेची वेळ स्वीकारली, आणि ती तारेनें स्थानकोस्थानकीं पोंचूं लागली. पुढें 1906 सालीं सर्व देशासाठीं प्रमाणवेळ आली. मुंबईकरांना ती रुचली नाहीं. आपली जुनी वेळ त्यांनीं पुढें कित्येक वर्षें जपली.

आतां ध्वनीकडे वळूं. मुंबईचें नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजीं सुरू झालें, पुण्याचें 2 ऑक्टोबर 1953 रोजीं. स्टुडिओंतील प्रत्येक मायक्रोफोनची तार मिक्सरकडे येई, व तेथें सर्व आवाज एकत्र होऊन पुढें जात. घोड नदी भीमेस मिळाल्यावर तिचें पाणी कोणी वेगळें काढील काय? ध्वनिफितीचेंही तसेंच होतें.

हें मीं स्वानुभवानें जाणतों. फार वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या मुलींनीं जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. मुख्य ओवी एका वृद्ध बाईंची होती. फीत घरीं ऐकली तों ढोलकीखालीं त्यांचा आवाज पार बुडालेला! पुन्हां मुद्रण करूं म्हणेपर्यंत बाई निवर्तल्या. तो आवाज कायमचा गेला.

गेल्या वर्षीं त्यांच्या नाती त्याच ओव्या गाण्यास बसल्या, तेव्हां मी मुद्दाम सोबत गेलों. मिक्सरपासून संगणकापर्यंत एकच बारीक केबल पाहून मला शंका आली. मुद्रण करणारा तरुण म्हणाला, “गुरुजी, हें नेटवर्क आहे. या एका केबलींतून 64 आवाजसुद्धां निरनिराळे जातील. मिश्रण मागाहून, सावकाश.” परंतु पहिलें मुद्रण ऐकतांना मधूनमधून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊं लागला. मुलींचे चेहरे उतरले.

कारण असें कीं, अशा यंत्रांत ध्वनीचीं सेकंदास 48,000 मापें घेतलीं जातात. मिक्सर स्वतःच्या घड्याळानें मापें पाठवीत होता, संगणक आपल्या घड्याळानें तीं उचलीत होता. दोन घड्याळांत केसाएवढा फरक असला तरी थोड्या वेळानें एखादें माप उरतें किंवा कमी पडतें; तेथेंच टक्‌ होतें. तरुणानें संगणकास मिक्सरचें घड्याळ मानावयास लाविलें, आणि दोष नाहींसा झाला.

मला दौंडचा फलाट आठवला. नेटवर्कवरील यंत्रांनीं एकमेकांशीं वेळ कशी जुळवावी याचे नियम 2002 सालीं ठरले. निरनिराळ्या कारखान्यांच्या ध्वनियंत्रांनीं परस्परांशीं कसें बोलावें हें 2013 सालीं ‘एईएस 67’ या नियमानें ठरलें. मद्रासच्या वेधशाळेनें जें रेल्वेसाठीं केलें तेंच हें, फक्त सूक्ष्म प्रमाणांत.

घड्याळ एक मानल्यानें आपलें कांहीं जाईल अशी मुंबईकरांना भीति होती. येथें तर उलट घडलें. वेळ एक झाली म्हणूनच प्रत्येक आवाज वेगळा राहूं शकला. त्या दिवशीं सर्वांत धाकट्या नातीची ओवी ढोलकीच्या वर स्वच्छ ऐकूं आली. तिच्या आजीची मात्र आम्हांला राखतां आली नाहीं. ज्यांच्या घरीं अद्याप अशी आजी आहे, त्यांनीं हें काम उद्यावर टाकूं नये, एवढीच माझी विनंती.