पंचेचाळीस पौंड

धनुष्याच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती पौंड?" भाजीवाल्याने "किती किलो?" विचारावं इतक्या सहज. प्रत्यंचा पूर्ण ओढायला जेवढा जोर लागतो तो इथे पौंडांत मोजतात. २०१९ च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमध्ये मी माझं पहिलं धनुष्य घ्यायला गेलो, तेव्हा शेजारी एक कॉलेजातला पोरगा सत्तर पौंडांचं ओढून बघत होता. मी म्हणालो, पासष्ट. का? कारण काहीच नाही. पंचेचाळिशीच्या माणसाची हौस, दुसरं काय!

(नातेवाईक मंडळी, विशेषतः नागपूरची मावशी: होय, हे हरणाच्या शिकारीबद्दलच आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. इथे सरकार परवाने देतं, मोसम ठरवून देतं आणि लोक ते मांस वर्षभर खातात. तुला पटणार नाही हे मला माहीत आहे. तरी पुढे वाच, कारण पुढे जे झालं ते मलाही पटलेलं नाही.)

ऑक्टोबरमधली पहाट. ऑफिसातल्या एका मित्राबरोबर गेलो होतो. तो एका झाडावर, मी दुसऱ्या. दोन तास थंडीत बसून खांदे आखडले होते. एक हरिणी वीसेक यार्डांवर आली. दुकानात उबेत ओढलेले पासष्ट पौंड आणि गारठलेल्या अंगाने ओढायचे पासष्ट पौंड वेगळे असतात. मला धनुष्य आभाळाकडे उचलून, सगळं अंग लावून ओढावं लागलं. ती हालचाल तिने पाहिली, ती वळली आणि त्याच क्षणी बाण सुटला. छातीत लागायचा तो पोटात लागला. आम्ही अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे फिरलो. मक्याच्या शेताशी थेंब संपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ती सापडली नाही. मित्र एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्या हिवाळ्यात धनुष्य तळघरात पडून राहिलं आणि मी वाचत बसलो. आपल्या लोकांचं हे ठरलेलंच. हातून काही बिघडलं की पुस्तक उघडायचं.

वाचताना इशी भेटला. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावाबाहेरच्या खाटिकखान्याजवळ एक उपाशी माणूस सापडला. याही जमातीतला तो शेवटचा जिवंत माणूस. त्याच्या लोकांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी बंदुकांनी संपवलं होतं आणि उरलेले मूठभर लोक डीअर क्रीकच्या घळींत अनेक वर्षं लपून राहिले होते. तिथे बंदुकीचा एक आवाज परवडणारा नव्हता. धनुष्य मात्र बोलत नाही. 'इशी' हेही त्याचं नाव नव्हे. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'माणूस'. खरं नाव त्याने कुणाला सांगितलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवलं गेलं. शेजारच्या इस्पितळात सॅक्सटन पोप नावाचा सर्जन होता. तो त्याचा डॉक्टर झाला आणि धनुर्विद्येत त्याचा शिष्यही.

आता इशीचं सामान बघा. धनुष्य जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर हरणाच्या स्नायूंचे तंतू चिकटवलेले, लांबी साधारण माझ्या कमरेच्या थोडं वर येईल एवढी. ओढ चाळीस-पंचेचाळीस पौंड! बाणाची दांडी हेझलची, टोक ज्वालामुखीच्या काचेचं. संग्रहालयात आल्यावर तो बाटल्यांच्या काचेचीही सुंदर टोकं घडवायचा. धनुष्य तो आडवं-तिरकं धरायचा आणि प्रत्यंचा ओढायचा उजव्या अंगठ्याने. इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. लहानपणी एकलव्याची गोष्ट ऐकताना मला वाटायचं, अंगठा गेला तर काय झालं, चार बोटं आहेत की. युरोपी पद्धतीत तीन बोटांनीच ओढतात, अंगठ्याचं काम नसतं. पण अंगठ्याने ओढणाऱ्याकडून द्रोणाचार्यांनी नेमकं काय मागून घेतलं, ते मला इशीचा हात वाचून कळलं.

गंमत म्हणजे ठरावीक अंतरावरच्या रंगीत लक्ष्यावर बाण मारण्यात पोप आणि त्याचा मित्र कॉम्प्टन लवकरच इशीच्या पुढे गेले. रानात मात्र गोष्ट वेगळी. तिथे इशी दहा ते पन्नास यार्डांतूनच बाण सोडायचा आणि तेवढं जवळ जाण्यासाठी सगळी खटपट करायचा. आदल्या दिवशी मासे नाहीत, तंबाखू नाही. पहाटे ओढ्यात आंघोळ आणि अंगाला वासाचा पाला चोळायचा. मग ओठांत दुमडलेलं पान धरून पाडसासारखा आवाज काढायचा, की हरिणी जवळ यायची. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. धारदार पातं आत रक्तवाहिन्या कापतं. ते योग्य जागी आणि धारदार लागलं, तर पंचेचाळीस पौंड पुरतात. चुकीच्या जागी लागलं तर... असो.

मार्च १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. पोपने १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत हा छंद पुन्हा जिवंत झाला. पण पोप स्वतः इंग्लिश पद्धतीच्या लांब, यू लाकडाच्या जड धनुष्यांकडे वळला होता. १९२० मध्ये यलोस्टोनला तो आणि आर्थर यंग संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वलं मारायला गेले, १९२५ मध्ये आफ्रिकेत सिंहांमागे. त्यासाठी जोर हवाच होता. ज्या माणसाकडून तो रानातलं धनुष्य शिकला, त्याचे पौंड मात्र या मोठ्या शिकारींच्या गर्दीत कुठेतरी मागे पडले, असं मला वाटतं.

जड धनुष्याची हौस तशी जुनीच. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्लिश जहाजातून जी धनुष्यं वर काढली, त्यांची ओढ शंभर ते एकशेऐंशी पौंडांच्या घरात असावी असा अंदाज आहे. पण ती चिलखतांच्या विरुद्ध, आणि लहानपणापासून सराव केलेल्या खांद्यांसाठी. हरणाने चिलखत घातलेलं नसतं!

मग १९६६ मध्ये मिसूरीतल्या होलिस विल्बर ॲलनने एक अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात त्याला पेटंट मिळालं. धनुष्याच्या टोकांना मध्याबाहेर आस असलेल्या कप्प्या. ओढताना मधेच पूर्ण जोर लागतो आणि शेवटी तो अचानक कमी होतो, त्यामुळे नेम धरून थांबता येतं. हेच आजचं कंपाउंड धनुष्य, हेच माझं. या सोयीमुळेच माझ्यासारख्या नवख्याला वाटतं की आपल्याला पासष्ट पौंड झेपतात. शेवट हलका असतो हो, पण आधी तो मधला डोंगर चढावा लागतोच. आणि तो चढताना हरिणी समोर असते.

विस्कॉन्सिनमध्ये १९३४ साली धनुष्याने हरणाच्या शिकारीचा पहिला खास मोसम झाला. इथल्या नियमात हरणासाठी कमीत कमी ओढ तीस पौंड आहे. तीस! दुकानात हा आकडा मला कुणी सांगितला नाही. मीही विचारला नाही, हेही खरं.

कंपाउंड धनुष्याचे पेच सैल करून ओढ कमी करता येते. मार्चमध्ये, बर्फ वितळायला लागल्यावर, मी तळघरातून ते वर आणलं. षटकोनी चावीने दोन्ही पेच सारखे फेरे मोजून सैल केले आणि काट्यावर टांगून मोजलं. बावन्न. त्याहून खाली ते धनुष्य जाईना. दुकानात परत गेलो, हलक्या पात्यांचं दुसरं घेतलं. विक्रेत्याने विचारलं, "मुलासाठी?" मी म्हणालो, माझ्यासाठी, पंचेचाळीस.

तेव्हापासून मागच्या अंगणात गवताच्या पेंढ्यांवर वीस यार्डांवरून रोज बारा बाण सोडतो. खुर्चीत बसून, जॅकेट घालून, धनुष्य वर न उचलता. परवाना मात्र त्यानंतर अजून काढलेला नाही.