पैसा कोणाच्या हातीं?

सरकारी खजिन्यांतून गरिबांस साहाय्य द्यावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. पण तें साहाय्य घरांतील कोणाच्या हातीं द्यावें, हा प्रश्न त्या मानानें नवा आहे. शंभर वर्षांपूर्वींच्या बहुतेक राज्यकर्त्यांस तो सुचलाच नसता. कुटुंब म्हणजे कुटुंबप्रमुख आणि कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष, हें समीकरण पक्कें होतें. उंबरठ्यापर्यंत पैसा पोंचला कीं सरकारचें कर्तव्य संपलें. पुढें तो चुलीकडे वळतो कीं गुत्त्याकडे, हें पाहण्याचें त्यास कारण नाहीं, अशी समजूत होती. ही समजूत कशी ढळली, आणि ती ढळल्यानें स्त्रियांच्या पदरांत खरोखर काय पडलें, हें मेक्सिको देशाच्या अलीकडील इतिहासावरून पाहण्याचा आमचा विचार आहे.

तत्पूर्वीं इंग्लंडांतील एक प्रसंग ध्यानांत घेतला पाहिजे. एलिनॉर रॅथबोन या विदुषीनें १९२४ सालीं एक ग्रंथ लिहून असें प्रतिपादिलें कीं, मुलांच्या संगोपनाचा भार वाहणाऱ्या आईस राष्ट्रानें भत्ता दिला पाहिजे. (याच बाईंनीं पुढें हिंदुस्थानांतील बालविवाहाविरुद्धही लेखणी चालविली.) वीस वर्षांच्या खटपटीनंतर १९४५ सालीं कुटुंबभत्त्याचें बिल पार्लमेंटांत आलें तें भत्ता बापाच्या मालकीचा ठरवूनच! बाईंनीं त्यास निकराचा विरोध केला आणि अखेर सरकारास नमावें लागलें. भत्ता आईच्या हातीं पडला. रक्कम तीच, घर तेंच. झगडा होता तो केवळ हाताचा. त्या झगड्याचें मर्म पुढें दरिद्री देशांत अधिक स्पष्ट झालें.

१९९४ च्या डिसेंबरांत मेक्सिकोचें चलन कोसळलें व देश मोठ्या आर्थिक संकटांत सांपडला. गरिबांसाठीं तेथील सरकार दूध आणि टॉर्टिला, म्हणजे मक्याची भाकरी, स्वस्त दरानें पुरवीत असे; पण या सवलतीचा मोठा वाटा शहरांतच जिरे, आणि खरें दारिद्र्य तर दूरच्या खेड्यांत होतें. अर्थखात्यांतील सांत्यागो लेव्ही यांनीं ही रीत बदलण्याचा आग्रह धरला, आणि अध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांच्या कारकीर्दींत, १९९७ च्या ऑगस्टांत, 'प्रोग्रेसा' ही योजना सुरू झाली.

तिची घडण पाहण्यासारखी आहे. धान्याऐवजीं रोख रक्कम, ती दर दोन महिन्यांनीं, आणि ती घ्यावयाची घरांतील आईनें. तिसऱ्या इयत्तेपासून प्रत्येक मुलामागें भत्ता मिळे व तो इयत्तेबरोबर वाढे. माध्यमिक शाळेंत मुलीचा भत्ता मुलापेक्षां अधिक होता, कारण त्याच टप्प्यावर मुलींची शाळा सुटत असे. मुलांनीं शाळेंत नियमित हजर राहावें, घरांतील सर्वांनीं दवाखान्यांत तपासणीस जावें आणि आयांनीं आरोग्यविषयक व्याख्यानांस बसावें, या अटी होत्या. योजनेचें फळ मोजण्याचीही तरतूद प्रथमच केली होती. ५०६ खेडीं निवडून त्यांतील ३२० खेड्यांस पैसा आधीं व १८६ खेड्यांस मागाहून देण्यांत आला. त्यामुळें दोहोंतील अंतर केवळ तर्कानें नव्हे, तर आकड्यांनीं पाहतां आलें.

माध्यमिक शाळेंत जाणाऱ्यांची संख्या वाढली, आणि मुलांपेक्षां मुलींची अधिक वाढली. स्त्रियांशीं बोलून जी माहिती गोळा झाली, तिचें मोल आम्हांस याहूनही मोठें वाटतें. बारीकसारीक खरेदीसाठीं नवऱ्यापुढें हात पसरावा लागत नाहीं. पैसे घेण्यास किंवा सभेस जावयाचें म्हणून घराबाहेर पडतां येतें. चार बायकांत बसून बोलण्याची भीड मोडते, अशा गोष्टी त्यांनीं सांगितल्या. ज्यास आज 'स्त्रियांचें सबलीकरण' म्हणतात, त्याचा आरंभ अशाच लहान गोष्टींत असतो.

पण चित्राची दुसरी बाजूही आहे. व्याख्यानें, तपासण्या, हजेऱ्या हा सारा भार आईच्याच डोक्यावर आला. बापावर या भाराचा फारच थोडा वांटा पडला. म्हणून कित्येक विचारवंत स्त्रियांनीं असा आक्षेप घेतला कीं, सरकारनें बाईस पैसा दिला तो तिच्यासाठीं नव्हे, तर आईपणाची चाकरी चोख व्हावी म्हणून. घरांतील सत्तेचें म्हणाल, तर २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, लाभ मिळालेल्या घरांत स्त्रियांस मारहाण होण्याचा संभव तशाच इतर घरांच्या मानानें सुमारें ४० टक्क्यांनीं कमी होता, परंतु मारण्याच्या नुसत्या धमक्या मात्र अधिक होत्या. हात आवरला, पण धाक उरला. कारण आतां बायकोजवळ काढून घेण्याजोगें कांहीं होतें.

योजनेचा शेवट तर आणखीच बोधप्रद आहे. २००२ सालीं तिचें नांव 'ओपोर्तुनिदादेस' झालें व ती शहरांतही पसरली. २०१४ सालीं ती 'प्रोस्पेरा' झाली. साठ लाखांहून अधिक कुटुंबें तिच्या छायेखालीं आलीं. पुढें सरकार बदललें, आणि २०१९ सालीं नव्या अध्यक्षांनीं ती बंद करून विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. बावीस वर्षें ज्या आयांच्या हातीं तो पैसा पडत होता, त्यांची संमति कोणी विचारली नाहीं. हुकुमानें आलेलें हुकुमानें गेलें. उलट, दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेनें सामाजिक सुरक्षितता हा प्रत्येकाचा हक्क मानला. तेथें १९९८ पासून मिळणाऱ्या बालभत्त्यामागें त्या हक्काचें बळ आहे.

हा विषय आम्हांस दूरचा राहिलेला नाहीं. महाराष्ट्रांत २०२४ सालीं 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' या नांवानें महिना १५०० रुपये थेट स्त्रियांच्या बँकखात्यांत जमा होऊं लागले. मेक्सिकोनें आईस दिलें, आम्हीं बहिणीस दिलें! नांवांत भाऊबीजेची ओवाळणी आहे, जिव्हाळा आहे. पण ओवाळणी किती घालावी व केव्हां थांबवावी, हें भावाच्या मर्जीवर असतें.

येथें आमच्याच स्मृतिकारांचें स्मरण होतें. भावानें दिलेलें धन मनूनें स्त्रीधनांत गणलें आहे. याज्ञवल्क्यानें तर पतीस तें वापरण्याची मुभा केवळ दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास या चार प्रसंगींच दिली. ज्या समाजानें स्त्रीस अनेक बाबतींत परतंत्र ठेविलें, त्यासही इतकें उमगलें होतें कीं, दिलेलें तें तिचें झालें पाहिजे.

मेक्सिकोच्या आयांचा इतिहास आम्हांस हेंच सांगतो. पैसा स्त्रीच्या हातीं देणें हें अर्धें काम होय. तो मुठींत धरण्याचा तिचा अधिकार घरांत नवऱ्यानें आणि दरबारांत सरकारनें मान्य करणें, हें उरलेलें अर्धें. आणि तेंच अधिक कठीण आहे.